पाहुण्यांचा उपास

उपासात फार मोठं सामर्थ्य आहे. उपासाने राज्यं हलतात, कठोर मनं वितळतात आणि साधा माणूस देवत्वाच्या पायरीवर जाऊन बसतो. पन्नासच्या दशकात वर्धा जिल्ह्यात ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागत नसे. ज्यांची दोन्ही वेळची जेवणं वेळेवर होत, त्यांची तर या बाबतीतली श्रद्धा विशेष अढळ होती.

दिवाळी होऊन गेली, पहाटे गारवा पडू लागला, पऱ्हाटीची बोंडं उकलून शेतं कापसाने पांढरी झाली, की मला हे आठवतं. आता मी वर्ध्याजवळ नालवाडीला मुलाच्या घरी असतो. सकाळी फिरायला निघालो की रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस लोंबताना दिसतो. गाडीत मावेल त्यापेक्षा जास्त भरतात, आणि जे मावत नाही ते बाभळी ओरबाडून घेतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काट्यांना पांढरी फुलं आली. जिनिंग गिरणीच्या बाजूने सरकीचा तेलकट, किंचित कुबट वास येतो. लोक त्याला समृद्धीचा वास म्हणतात. मला त्या वासात लिंबू-मिठाच्या पाण्याचा वास येतो, आणि खाटेच्या ओल्या सुतळीचा.

परवा स्टेशनजवळ एक गोरं जोडपं उभं होतं. दोघांच्या पाठीवर त्यांच्याएवढ्याच पिशव्या. मुलगी चहावाल्याला बसची वेळ विचारत होती आणि मुलगा भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा होता. मी उगाचच थांबलो. इंग्रजीत विचारलं, बरं आहे ना? तो हसला. म्हणाला, झोप येतेय, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "मग नीट जेव. आणि चारचौघांत जेव." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी खुलासा केला नाही. खुलासा करून काही होतं, यावर माझा विश्वास फार पूर्वीच उडाला आहे.

त्या पन्नासच्या दशकात मी हिंगणघाटहून समुद्रपूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात इंग्रजी शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून आहे आणि अजून सत्कार करतं. बसला आम्ही तेव्हा मोटार म्हणत असू. दिवसातून एकदा, दुपारी, ती धुळीचा डोंगर मागे ओढत वर्ध्याकडून येई आणि चांद्याकडे निघून जाई. थांबा शाळेच्या समोरच होता, त्यामुळे मोटार आली की माझा तास आपोआप संपे. मुलंच काय, व्याकरणसुद्धा खिडकीत जाऊन उभं राही.

अशाच एका दुपारी मोटारीतून एक गोरा माणूस उतरला आणि थेट कडुनिंबाखाली जाऊन ओकला. त्याच्यामागून एक गोरी बाई उतरली. तिने दोन खाकी पिशव्या स्वतःच टपावरून ओढून घेतल्या, एक पाठीवर घातली, एक हातात घेतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरने मला हाक मारली.

"गुरुजी, हे तुमच्या भाषेतलं काम हाय. रस्ताभर ओकून राह्यला बिचारा. आज ठेवून घ्या, उद्याच्या मोटारीनं पाठवून देजा."

मोटार गेली. यान आणि एल्स आमच्याकडे, शाळेच्या एका खोलीत, राहिले.

हॉलंडहून निघाले होते. विमानाचं भाडं परवडत नव्हतं, जहाजाचंही नाही, म्हणून मोटारीने. एका मोटारीतून उतरायचं, दुसरीत बसायचं, की देश बदलतो, असं एल्स म्हणाली. लग्न झाल्यावर लोक खाट, टेबल, खुर्च्या घेतात. यांनी त्याऐवजी हा प्रवास घेतला होता. यान नकाशे छापणाऱ्या छापखान्यात होता. इतकी वर्षं छापतोय ते खरं आहे का, एकदा बघून यावं म्हटलं, असं तो म्हणाला. दुपारी त्याला जरा बरं वाटलं, तेव्हा आमच्या शाळेचा जगाचा नकाशा त्याने भिंतीवर पाहिला आणि लहान मुलासारखा त्याच्यापाशी गेला. नकाशा इराणपाशी फाटलेला होता. "इथे रस्ताही असाच आहे," तो म्हणाला.

ती दुपार मला अजून उजेडासकट आठवते. खिडकीतून तिरपं पिवळं ऊन आलेलं, बाहेर कापसाच्या गाड्यांची कुरकुर, आणि नकाशावर हिंडणारं यानचं ते शाईने कायमचं काळं झालेलं बोट. तुर्कस्तानातल्या मोटारीच्या टपावर मेंढ्या होत्या आणि त्यांचं भाडं माणसांपेक्षा कमी नव्हतं. इराणमध्ये ड्रायव्हर नमाजाला उतरला आणि परत येताना लग्नाला जाऊन आला. अफगाणिस्तानात मोटार नदीत बंद पडली, तेव्हा सगळ्यांनी टपावर बसून टरबूज खाल्लं. दोघांचा एक नियम होता: ड्रायव्हर जिथे झोपेल तिथे झोपायचं, ड्रायव्हर जे खाईल ते खायचं. त्याच्याइतका रस्ता कोणाला माहीत असतो? वर्ध्याला त्यांनी आश्रम पाहिला आणि स्वस्त पडतात म्हणून खादीचे कपडे घेतले. आता चांदा, मग हैदराबाद, मद्रास, आणि शेवटी सिलोन.

माझी बायको सुमती दारात उभी राहून ऐकत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण बोट कळत होतं. "म्हणजे हे दोघं घर सोडून नुसते फिरताहेत?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "आणि आपण नागपूरला जायचं तर तुमची रजा मंजूर होत नाही."

यानने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा मला गमतीची वाटली. प्रत्येक देशात तो आधी 'नको' म्हणायची खूण शिकायचा. तुर्कस्तानात मान मागे टाकायची, इराणात छातीवर हात ठेवायचा. आपल्याकडे हात जोडले की माणसं आग्रह थांबवतात, हे त्याने वर्ध्यात हेरून ठेवलं होतं. "फार सुंदर खूण आहे," तो म्हणाला. "कोणाला वाईट वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. शाळेच्या खोलीत कोंदट होतं, म्हणून आम्ही त्याची खाट व्हरांड्यात आणली. तिथे हवा होती. तिथे रस्ताही होता, हे आमच्या लक्षात आलं नाही.

आता गावाने काय पाहिलं ते सांगतो. एक गोरा माणूस. आजवर गावाने गोरा माणूस पाहिला होता तो घोड्यावर, किंवा मोटारगाडीत, मागे दोन चपराशी. हा स्वतःचं ओझं स्वतः वाहत आला होता. अंगात खादी. पायात काही नाही. जोडे एल्सने धुवून वाळत घातले होते. सार्वजनिक जागी खाटेवर पडलेला. लिंबू-मिठाच्या पाण्याशिवाय काही घेत नाही. अन्न पुढे केलं की हात जोडतो.

दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात लोक म्हणाले असते, आजारी दिसतो. पण आमच्या जिल्ह्याने खादीतली, खाटेवर पडलेली, लिंबूपाणी घेणारी माणसं पाहिली होती, आणि त्यांच्यापुढे सरकारं कशी वाकतात तेही पाहिलं होतं. असा माणूस दिसला की काय समजायचं असतं, याचं शिक्षण इथे लहानपणापासून मिळे.

पहिली आली ती आमच्या शेजारची गयाबाई. कापूस वेचायला निघाली होती, कमरेला कापसाची झोळी, ओटी, बांधलेली. पहिल्या वेचणीचा शेतातला दहीभाताचा नैवेद्य तिने पाहुण्यासाठी वाटीत आणला होता. यानने हात जोडले.

"काऊन जी, गुरुजी? काऊन जेवून नाई राह्यले हे?"

"ताप आहे, गयाबाई. अन्न चालत नाही."

"अन्न नाई पोटात गेलं तं ताप येतेच." तिने वाटी पदराखाली झाकली. "किती दिसांचा हाय?"

"ताप?"

"उपास."

मी तिला समजावलं. ती मान हलवत ऐकत राहिली. मोठ्या माणसांच्या गोष्टी मास्तर सांगणार नाही, एवढं तिला समजत होतं. शेतात जाईपर्यंत तिने ते कोणाकोणाला सांगितलं असेल ते देवाला ठाऊक. दुपारपर्यंत वेचणीला गेलेल्या बायका निम्म्याच भरलेल्या ओट्या घेऊन शाळेपुढे येऊन बसल्या होत्या.

आणि मग आबासाहेब आले. आबासाहेब आमच्या गावचे मालगुजार. मालगुजारी कायद्याने गेली होती. मालगुजार कायद्याने जात नाहीत. सारा गोळा करायचं काम सुटल्यापासून त्यांच्याकडे सत्कार करण्याचं काम होतं. त्यांच्या घरी सत्काराचं सगळं साहित्य तयार असे: सतरंजी, तांब्या, उदबत्तीचं घर, आणि सुताचे हार, जे वापरून झाले की धुवून परत खुंटीला लागत. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, जसं देवळात बोलतात, "उपोषण कशासाठी आहे?"

"उपोषण नाही आबासाहेब. माणूस आजारी आहे. याला आजच्या मोटारीने चांद्याच्या इस्पितळात न्यायला पाहिजे."

"पायी फिरतात म्हणे जगभर?"

"मोटारीने. पैसे कमी आहेत म्हणून."

आबासाहेब गर्दीकडे वळून हसले. "गोऱ्याजवळ पैसे कमी! मास्तर, याले त्याग म्हणतात. त्याग." मग त्यांनी एल्सला नमस्कार केला. "बाईंना विचारा."

मी विचारलं. एल्स म्हणाली, तो आजारी आहे, त्याला डॉक्टर हवा. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आबासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"विनय पाहा," ते गर्दीला म्हणाले. "खरा माणूस उपासाचा डंका पिटत नाही."

"आबासाहेब, त्या तसं म्हणाल्या नाहीत."

"मास्तर, तुम्ही भाषांतर करा जी. अर्थ लावायले आम्ही बसलो आहो."

यापुढे माणूस काय बोलणार? विरोधकाशी वाद घालता येतो. जो तुमच्या पाहुण्याच्या पायावर डोकं ठेवतोय त्याच्याशी कसा घालणार? ते लोक क्रूर असते, उदासीन असते, तर मी ओरडलो असतो, हात धरून बाजूला केलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हातापायांना चिकटलेल्या त्या मायेतून सुटायची कुठलीच रीत मला कोणी शिकवली नव्हती.

मोटार आली. मी आणि एल्सने यानला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. गर्दीने वाट दिली, अगदी आदराने. ड्रायव्हर खाली उतरला, कालचाच ड्रायव्हर, ज्याने याला ओकताना पाहिलं होतं. त्याने गर्दी पाहिली, यानच्या गळ्यातला सुताचा हार पाहिला, आबासाहेबांना पाहिलं. चपला काढल्या आणि वाकून यानच्या पायाला हात लावला.

"अरे, तू काल बघितलंस ना याला?" मी म्हणालो. "आजारी आहे हा. चढव आत."

"काल मले मालूम नव्हतं जी."

"काय मालूम नव्हतं?"

तो माझ्या कानाशी आला. "गुरुजी, माही नोकरी जाईन. उपोषणवाल्याले गाडीत घेतलं, आन रस्त्यात काई कमीजास्त झालं, तं सरकार मलेच धरन. पोलिसानं नेलं तं गोष्ट निराळी."

मोटार गेली. धूळ खाली बसली. यान खाटेवर बसला आणि त्याने विचारलं, "आली का मोटार?" मी म्हणालो, आली आणि गेली. "मग दुसरी येईल," तो म्हणाला. प्रवासात त्याला तेवढंच समजलं होतं: दुसरी येतेच.

संध्याकाळी शाळेतल्या मुलांना तकल्या घेऊन बसवलं गेलं. सूतकताई आमच्या शाळेत विषयच होता. त्याचा असा उपयोग होईल असं अभ्यासक्रमात नव्हतं. खाटेभोवती साठ-सत्तर तकल्या गरगरत होत्या, आणि मध्ये तो माणूस तापाने डोळे फिरवत होता. मग भजन. टाळांच्या आवाजाने तो दचकून उठे, काय चाललंय ते न कळून सगळ्यांकडे बघे, आणि थांबा म्हणायचं म्हणून हात जोडे. सगळं गाव उलट हात जोडे.

"कोण आहेत हे लोक?" त्याने मला एकदा विचारलं.

"तुमच्यावर माया करणारे."

"त्यांना सांगा, मला झोपू द्या."

मी सांगितलं. त्यांनी भजनाचा आवाज हळू केला. बंद नाही केला. बंद केला तर मायेत कमी पडल्यासारखं झालं असतं.

सुमतीने भाताची पातळ पेज केली आणि वाटी घेऊन गेली. खाटेपाशी पोचायच्या आत चार बायकांनी तिचा हात धरला. "माय वो, पाप लागन तुले! एवढ्या मोठ्या मानसाचा उपास तू मोडशीन?" ती वाटी घेऊन परत आली, चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोला ना." मी म्हणालो, मी दिवसभर बोलतोच आहे. "मग शहाणं कोण, गाव की आपण?" ती म्हणाली. हे तिने मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि मलाही.

पण सगळ्यात जास्त जिवाला लागल्या त्या गाड्या. ते दिवस हंगामाचे. सकाळी अंधुक उजेडात कापसाने फुगलेल्या बैलगाड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे निघत, एकामागून एक, गाडीवानाच्या डोक्यावर पांढरे तंतू, बैलांच्या शिंगांवर पांढरे तंतू. इतक्या मऊ गाद्या, इतक्या हळू चालणाऱ्या, नेमक्या इस्पितळाच्या दिशेने. आजारी माणसाला न्यायला यापेक्षा चांगलं वाहन जगात कोणी केलं नसेल. एल्स रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रत्येक गाडीला हात करत होती. गाडीवान तिला नमस्कार करून पुढे जात होते. एकाचा कासरा मी धरला. म्हणालो, बाबा रे, याला कापसावर निजव आणि घेऊन जा, मी सोबत येतो.

"गादीच हाय जी ते, मले समजते," तो म्हणाला. "पन उद्या सारं गाव म्हनन, याच्या गाडीनं उपास मोडला. मले इथंच राहाचं हाय, गुरुजी. तुमची तं बदली होते."

खरं होतं. माझी बदली होत असे.

मी सायकल काढली. जवळच्या मोठ्या गावात सरकारी दवाखाना होता. डॉक्टर दौऱ्यावर होते. कंपाउंडरने एक मिश्रण दिलं आणि उपोषण करणाऱ्याला औषध देता येतं का, हे त्याला माहीत नाही, असंही सांगितलं. बातमी माझ्या सायकलीच्या आधी पोचली होती. तिथून तहसील कचेरीत गेलो. एक परदेशी माणूस फार आजारी आहे, त्याला न्यायला गाडी द्या, असं मी सांगितलं. कारकुनाने मान वर केली नाही. मी पुन्हा सांगितलं. त्याने बसा म्हटलं. मग मी म्हणालो, "गाव म्हणतं, तो उपोषणाला बसलाय." कारकून उभा राहिला. मग आतले साहेबही उभे राहिले. दोन दिवस जी एक गोष्ट मी खोडून काढत होतो, तिच्याशिवाय सरकारची जीप हलत नव्हती.

जीप दुसऱ्या दिवशी आली. तिच्यातून आलेले नायब तहसीलदार तरुण होते, घाबरलेले होते. त्यांना पाहून एल्स धावत पुढे आली. तिचे केस विस्कटलेले होते, डोळे सुजलेले. ती म्हणाली, ओरडूनच म्हणाली, "हा मरतोय. उपास नाही, काही नाही. याला इस्पितळात न्या." मी तितक्याच मोठ्याने मराठीत ओरडलो.

सगळं गाव एल्सकडे बघू लागलं. मला वाटलं, पोचलं.

आबासाहेबांनी डोळे पुसले. "साहेब, आता सारं उघड झालं. गावात दवाखाना नाही. आमची लेकरं, आमच्या बाया हिंगणघाटच्या वाटेवर मरतात. हे आम्ही सांगितलं तं कोणी ऐकलं नाही. म्हणून या थोर माणसानं स्वतःचा देह पुढे केला. दवाखाना मागायचा, तो असा मागायचा."

लोकांनी जयजयकार केला. हा अर्थ इतका सुंदर होता की मला स्वतःला क्षणभर खरा वाटला. साहेबांना तर सुटल्यासारखंच झालं. मागणी काय आहे हे कळलं की सरकारला बरं वाटतं. त्यांनी गावासमोर सांगितलं की दवाखान्याबद्दल वरती जोरदार शिफारस करतील. पुन्हा जयजयकार.

"आता जीप," मी म्हणालो.

"आधी उपास सोडायचा," आबासाहेब म्हणाले.

"लिंबूपाणी आहे, द्या आणि चला."

"लिंबूपाणी तं ते घेतच होते. त्यानं उपास कसा सुटन? संत्र्याचा रस लागतो."

संत्री गावात नव्हती. हंगाम नुकताच लागत होता, माल सगळा नागपूरच्या बाजूला. एक माणूस सायकलवर गेला. जीप कडुनिंबाखाली उभी होती, चाकांच्या सावल्या लांबत होत्या. एल्स जीपच्या पायरीवर बसली होती, तिच्या मांडीवर दोन्ही खाकी पिशव्या. मी साहेबांना म्हणालो, हे काय चाललंय? ते म्हणाले, "मास्तर, मी इथे नवीन आहे. गावाच्या भावना आहेत." सुमती एल्सच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने तिचा हात धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि त्या दिवशी गावात एकमेकींना समजणारी तेवढी दोनच माणसं होती. काही वेळाने सुमती उठली, नायब तहसीलदारांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर संत्र्यासाठी थांबता का?" आबासाहेब म्हणाले, "सूनबाई, अशा वेळी बायांनी मन घट्ट करावं."

संत्री आली. आबासाहेब बोलले. त्यांनी जगाचा, त्यागाचा आणि आमच्या तहसिलीचा एकत्र उल्लेख केला. मग स्वतःच्या हाताने यानला दोन चमचे रस पाजला. यानने तो गिळला आणि लगेच ओकला. टाळ्या तोवर सुरू झाल्या होत्या.

जीपमध्ये मी मागे बसलो. यानचं डोकं एल्सच्या मांडीवर. वाटेत त्याने एकदा डोळे उघडले, जीपचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "मोटार आली." एल्स हो म्हणाली.

वर्ध्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आणि आतडं फुटलेलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि रागानेच विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" एल्सने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी तिच्यासाठी त्याचं भाषांतर केलं.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "आमचा सत्कार चालला होता."

यान दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याला वर्ध्यातच पुरलं. एल्स त्यानंतर काही दिवस आमच्याकडे राहिली. ती आणि सुमती अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत. सुमतीने तिच्या केसांना तेल लावून वेणी घातली. ती जेवायची तेव्हा बायका कुंपणापाशी उभ्या राहून बघत. गयाबाई एकदा आत आली, भाकर आणि वांग्याचं भरीत घेऊन, आणि एल्सच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"पोरी, तू तरी ओरडाची ना वो," ती म्हणाली. "आमाले काय समजते."

मी हे एल्सला सांगितलं नाही. ती ओरडली होती. मीही ओरडलो होतो, चांगल्या शुद्ध मराठीत. गयाबाई रडायला लागली. एल्सने भाकरीचा तुकडा मोडला आणि तिला दिला. दोघींनी खाल्ला.

मी एल्सला विचारलं, आता मुंबईला जाऊन जहाजाने परत जाणार का? ती म्हणाली, नाही. मागे जायला जितक्या मोटारी, जवळजवळ तितक्याच पुढे. एका दुपारी तिने एक पिशवी पाठीवर घातली, एक हातात घेतली आणि चांद्याकडच्या मोटारीत बसली. आबासाहेब हार घेऊन आले होते. तिने हात जोडले. या खेपेला मात्र ती खूण त्यांना नीट कळली. हार हातातच राहिला. मोटार गेली, तिच्यामागे धुळीचा डोंगर गेला. पुढे तिचं काय झालं, सिलोन दिसलं की नाही, मला माहीत नाही. पत्ता मागायचं आम्हाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी लिहायचं काय?

माणसं चांगली होती, हे मी अजून म्हणतो, आणि म्हणताना दरवेळी थांबतो. कापसाच्या दिवसांत पहाटे जाग आली की मला त्या गाड्या ऐकू येतात. आता ट्रक असतात, पण मला गाड्याच ऐकू येतात. सुमती होती तोवर तिलाही ऐकू येत. "गेली का?" ती विचारायची. मी म्हणायचो, गेली.

गावाने यानचं बलिदान वाया जाऊ दिलं नाही. आबासाहेबांनी वर्ध्याला खेपा घातल्या, नागपूरला घातल्या. मध्येच राज्य बदललं, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, तेव्हा मुंबईलाही अर्ज गेला. अखेर दवाखाना मंजूर झाला. उद्घाटनाला मंत्री आले, कमान उभारली, भाषणं झाली, आणि भिंतीत एक दगड बसवला, त्यावर यानच्या त्यागाबद्दल चार ओळी आहेत. इमारत पक्की आहे, डॉक्टर मंगळवारी येतात.

दवाखाना गुरांचा आहे. त्या वर्षी मंजुरीच्या यादीत तेवढाच शिल्लक होता.